खिडकीत मावणारं फुलपाखरू

दर पावसाळ्यात एक बातमी ठरलेली असते. कोकणातल्या नाहीतर घाटावरच्या कुठल्यातरी गावात, कुणाच्यातरी पडवीत 'जगातलं सर्वांत मोठं फुलपाखरू' आढळलेलं असतं. सोबत 'दुर्मिळ' हे विशेषण आणि मापासाठी शेजारी धरलेला कुणाचा तरी पंजा. बातमीतला जीव खराच असतो आणि पंजा झाकून टाकेल एवढा असतोही. फक्त ते फुलपाखरू नसतं, ॲटलास पतंग असतो. 'सर्वांत मोठा' हेसुद्धा कशानं मोजता त्यावर आहे. एका पंखाच्या टोकापासून दुसऱ्याच्या टोकापर्यंत पट्टी लावली तर दक्षिण अमेरिकेतला व्हाइट विच नावाचा पतंग त्याच्या पुढे जातो, आणि पंखांच्या क्षेत्रफळाचा विचार केला तर ऑस्ट्रेलिया-न्यू गिनीकडचा हर्क्युलिस त्याच्या तोडीस तोड उभा राहतो. राहिलं दुर्मिळ. तो रात्री उडतो, आठवडा-दोन आठवडे जगतो आणि आपण त्या वेळी दारं-खिडक्या लावून झोपलेलो असतो. न दिसणं आणि नसणं यात बातमीदार फरक करत नाहीत, एवढंच.

दुसऱ्या टोकाच्या जिवाची बातमी मात्र मी आजवर वाचलेली नाही. ग्रास ज्वेल. पंख पूर्ण उघडले तरी जेमतेम दीड-दोन सेंटिमीटर. मिटून बसलं तर करंगळीच्या नखावर मावेल. भारतातलं सर्वांत लहान फुलपाखरू म्हणून बहुधा याचंच नाव घेतलं जातं. काही जण क्वेकर नावाच्या दुसऱ्या एका चिमुकल्याला तो मान देतात. मिलिमीटरभराच्या फरकावरून चाललेल्या या भांडणात मी पडत नाही. आपल्याकडे ग्रास ज्वेलच्या दोन सख्ख्या जाती आहेत आणि उडत असताना त्यांच्यातला फरक ओळखणारा माणूस मला तरी भेटलेला नाही.

हे दोघे माझ्या डोक्यात एकत्र आले ते कुडाळकडच्या मावसभावामुळे. जुलैतल्या एका सकाळी त्याचा व्हॉट्सॲपवर फोटो आला आणि पाठोपाठ फोन. "बघ गो, ह्यां काय बसलाहा भिंतीर!" मागून मावशीचा आवाज, "तेका हात लावू नको!" पुढच्याच शनिवारी काही कामानं मला तिकडे जायचं होतं, आणि पोचले तर पतंग जाग्यावर. तोच होता की दुसरा, हे सांगता येणार नाही. पण परसातल्या दालचिनीवर कोश असणार हे उघड होतं. ॲटलासच्या अळ्यांना दालचिनी चालते, पेरू चालतो, लिंबाच्या जातीची झाडं चालतात. मावशीच्या परसात हे सगळंच आहे.

पहिल्यांदा नजर जाते ती रंगावर. विटकरी म्हणावा तर त्यात गुलाबी आहे, तपकिरी म्हणावा तर कडांना पिवळा उतरलेला. अंगावर दाट लव. आणि चारही पंखांवर मधोमध एकेक त्रिकोणी खिडकी. खिडकीच म्हणायचं तिला, कारण तेवढ्या जागेवर खवले नाहीत, नुसता पारदर्शक पापुद्रा आहे. पतंगाच्या मागच्या भिंतीचा चुना त्यातून मला दिसत होता, चुन्याला गेलेली चीरसुद्धा. ग्रास ज्वेल पंख मिटून बसलं तर यातल्या एका खिडकीत मावेल, हे तिथं उभ्या उभ्या सुचलं. तोवर 'केवढा मोठा' आणि 'केवढं लहान' हे दोन वेगवेगळे उद्गार होते.

पुढच्या पंखांची टोकं बाहेर वळलेली असतात आणि त्यावर एक काळा ठिपका असतो. बाजूनं पाहिलं तर सापाचं तोंड. कँटनीज भाषेत त्याचं नावच सापाच्या डोक्याचा पतंग असं आहे. फोटोत हे साम्य ओढूनताणून आणल्यासारखं वाटतं. पण तिन्हीसांजेला, पडवीत दिवा लागायच्या आधी, मावसभावानं भिंतीशी काडी नेली तेव्हा पतंगानं पंख सावकाश वर-खाली केले आणि मावशी दोन पावलं मागे सरली. नागपंचमीला नागोबाची पूजा करणारी बाई आहे ती, साप बघून घाबरणारी नव्हे. काडी फेकून द्यायला लावली तिनं.

मग तिनं वाटीत साखरपाणी करून आणलं. पाहुण्याला काहीतरी द्यायला हवं ना. मी म्हटलं, मावशी, तो काही खात नाही. "खात नाय म्हंजे? उपास हा तेचो?" उपासच म्हणायचा. ॲटलासच्या तोंडाचे अवयव नावापुरते उरलेले असतात, त्यांनी त्याला ना चोखता येतं ना चावता. कोशातून बाहेर पडल्यापासून मरेपर्यंत त्याच्या पोटात काहीही जात नाही. जे काही खायचं ते अळी असताना खाऊन झालेलं असतं. ती अळी अंगठ्याएवढी जाड होते, दहा-अकरा सेंटिमीटर लांब, हिरवट-निळसर, अंगावर पिठी भुरभुरवल्यासारखा पांढरा मेणाचा थर. झाडावर बसून ती नुसती चरते. पानांचं जे काही चरबीत रूपांतर झालं असेल तेवढ्यावर पुढचं सगळं भागवायचं: कोश विणणं, कोशात महिनाभर नाहीतर त्याहून जास्त काळ पडून राहणं, आतून ओलावा सोडून कोश मऊ करून बाहेर पडणं, चुरगळलेल्या पंखांत द्रव भरून ते ताठ करणं. आणि उरलेल्यात लग्न. निवृत्त झालेला माणूस ठेवीच्या मुद्दलावर दिवस काढतो तसं. नवीन काही जमा होत नाही, एवढं पक्कं.

म्हणून मादी फारशी हलतच नाही. कोशाच्या आसपासच कुठेतरी टांगून घेते आणि रात्री पोटाच्या टोकाकडून गंध सोडते. उडण्याचं काम नराचं. त्याच्या मिशा पिसासारख्या रुंद, फणीसारख्या दातऱ्यांच्या असतात आणि तो गंध त्यांना फार लांबून लागतो. मावशीच्या भिंतीवरच्या पाहुण्याच्या मिशा तशा भरगच्च होत्या. म्हणजे कुणालातरी शोधायला निघालेला नर वाटेत भिंतीवर अडकून बसला होता. कशामुळे, ते पुढे सांगते.

आता ग्रास ज्वेल. पुण्यात मी राहते तिथून वेताळ टेकडी चालत गाठता येते. पाऊस सरत आला की टेकडीच्या उघड्या, मुरमाड भागात गवत गुडघ्याखालीच राहतं आणि त्याच्याही खाली जमिनीलगत नीळ ज्या कुळातली त्या कुळातल्या बारक्या वेली-झुडपांचं जाळं पसरतं. हे फुलपाखरू तिथलं. उभ्यानं ते दिसतच नाही. पायापुढून करडा कण उडाला आणि वीतभर पुढे गवतात विरला, एवढंच कळतं. ते वर उडत नाही. टेकडीवरचा वारा त्याला कुठच्या कुठे नेईल. जमिनीलगतच्या, वारा पडलेल्या पट्ट्यातच त्याचा सगळा संसार. त्याला बघायचं तर गुडघे टेकायचे, मग कोपरं, मग हनुवटी जवळजवळ मातीला लावायची. अशा अवस्थेत मला एका धावणाऱ्या मुलानं थांबून विचारलं होतं, "काकू, काही हरवलंय का? शोधू लागू?" मी त्याला बोट दाखवलं. त्यानं वाकून पाहिलं, "मच्छर?" म्हणाला आणि गेला.

हनुवटी मातीला लावली की मात्र चीज होतं. एकदांडीच्या पिवळ्या मधल्या चकतीवर ते बसलेलं असतं आणि त्याची सोंड एकेका नळीत उतरत असते. ती सोंड शिवणाच्या धाग्याहून बारीक. एकदांडीचं फूल आपल्याला एक वाटतं, पण ती कितीतरी चिमुकल्या फुलांची वस्ती असते, आणि ग्रास ज्वेल त्यातलं प्रत्येक दार वाजवत जातं. पंखाचा खालचा भाग राखाडी-तपकिरी, त्यावर पांढऱ्या कडांच्या रेघोट्या. मागच्या पंखाच्या काठाला काळे टिपके ओळीनं मांडलेले, त्यांना नारिंगी किनार. आणि उन्हाचा कोन जुळला की प्रत्येक काळ्या टिपक्यात निळसर-हिरवी धातूची झाक उठते. एवढ्याशा अंगावर कुणी इतकं काम करून ठेवावं! मिशा काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांच्या, टोकाला गाठ. बसल्या बसल्या मागचे पंख एकमेकांवर घासत राहायची त्याला सवय आहे. शत्रूनं चोच मारलीच तर ती डोक्याऐवजी त्या हलत्या टिपक्यांवर पडावी, असं त्यामागचं कारण सांगतात. ढग आला की ते मिटून बसतं. एवढ्या छोट्या अंगाला ऊब धरून ठेवता येत नाही, ती उन्हाकडूनच घ्यावी लागते. मोठे पतंग याउलट उडण्याआधी पंख थरथरवून छातीतले स्नायू स्वतःच तापवतात. रात्री त्यांना ऊन कोण देणार?

शाळेत शिकवतात ते फरक यात सगळे आलेच: गाठीच्या मिशा आणि पिसाच्या मिशा, मिटलेले पंख आणि पसरलेले पंख, दिवस आणि रात्र. खरं तर फुलपाखरं ही दिवसा उडायला लागलेली पतंगांचीच एक फांदी आहे. जगात पतंगांच्या जाती दीड लाखाच्या आसपास आणि फुलपाखरांच्या सतरा-अठरा हजार, म्हणजे एकाच घराण्यातली छोटी पाती. मला त्या यादीपेक्षा एकच फरक महत्त्वाचा वाटतो: ग्रास ज्वेलला तोंड आहे. रोज मिळवायचं, रोज खायचं. आयुष्य त्याचंही मोजक्याच दिवसांचं, बारापट मोठ्या पतंगासारखंच. पण त्या प्रत्येक दिवशी त्याला वीतभर अंतरात फूल हवं, ऊन हवं आणि अंडी घालायला ती ठरावीक झुडपं हवीत. ॲटलासला मोठेपणी यातलं काही नको. त्याला आधी झाड हवं, नंतर काळोख.

ग्रास ज्वेलच्या अळीला आणखी एक गोष्ट लागते, मुंग्या. या निळ्या फुलपाखरांच्या कुळात अळीच्या पाठीवर एक ग्रंथी असते, तिच्यातून गोड थेंब निघतो. मुंग्या तो चाटतात आणि बदल्यात अळीच्या आजूबाजूला वावरत राहतात. मग गांधीलमाशा आणि कोळी जवळ यायला कचरतात. मुंग्यांनी भरलेलं झुडूप आपण टाळतो. या फुलपाखराला जाणकार लोक नेमके तिथेच शोधतात.

पूर्व विदर्भात हेच गणित पार उलटं आहे. भंडारा-गडचिरोलीकडे ऐनाच्या आणि अर्जुनाच्या झाडांवर टसर रेशमाच्या अळ्या पाळतात. टसरचा पतंग ॲटलासच्याच घराण्यातला, पंखांवर डोळ्यांसारखी वर्तुळं असलेला, तोही मोठेपणी उपाशी. तिथे मोठा पतंग ही बातमी नसते, पीक असतं, आणि ते शेतकरी उघड्या झाडांवर राखतात. अळ्या झाडावर असेपर्यंत पाखरं हाकलायची आणि मुंग्यांपासून त्यांना जपायचं, हे त्यांचं दिवसभराचं काम. एकाची राखणदार ती दुसऱ्याची वैरीण. कोसा तयार झाला की तो शिजवून धागा काढायचा. आतला जीव त्यात जातो. बियाण्यापुरते कोष बाजूला राखतात, त्यांतून पतंग निघतात, अंडी घालतात आणि चक्र पुढे जातं. या पतंगांना कुणी 'दुर्मिळ' म्हणत नाही आणि त्यांच्यासोबत फोटोही काढत नाही. ज्यावर चूल पेटते त्याचं आश्चर्य ओसरतं, यात नवल नाही. ॲटलासच्या कोशालाही रेशीम असतं, पण त्याचा धागा अखंड उलगडत नाही, तुटक निघतो. तैवानमध्ये त्या आख्ख्या कोशांचीच नाण्यांची थैली करायचे.

मावशीच्या भिंतीकडे परत येते. पडवीच्या तोंडाशी नवा पांढरा एलईडी दिवा लागलेला होता. पूर्वीचा पिवळा मिणमिणता बल्ब गेला, हा अख्ख्या अंगणाला पुरतो आणि रात्रभर चालू असतो, बिबट्याच्या भीतीनं. किडे दिव्याकडे का येतात याची आपल्याकडची समजूत ज्योतीच्या प्रेमात जळून मरणाऱ्या पतंगाची. २०२४ मध्ये लंडनच्या इंपीरियल कॉलेजच्या आणि इतर काही संशोधकांनी वेगवान कॅमेऱ्यांनी चित्रण करून जे दाखवलं त्यात प्रेम कुठेच नाही. उडणारे कीटक रात्री आकाश म्हणजे वर, असं धरून पाठ उजेडाकडे ठेवतात. दिवा जवळ आला की पाठ त्याच्याकडे वळते, वाट वाकडी होते आणि ते त्याच्याभोवती घिरट्या घालत अडकतात. दिवा त्यांना ओढत नाही, त्यांची वर-खालीची जाणीव बिघडवतो. सगळेच किडे असे वागतात असं नाही, पण बरेच वागतात.

गांधीलमाशी दिव्यात अडकली तर दुसऱ्या दिवशी जाऊन पोट भरेल. ॲटलासला ती सोय नाही. गंधाच्या मागे जाण्यासाठी जी शिल्लक होती तीच दिव्याभोवती घिरट्या घालण्यात जाते, सकाळी भिंतीला चिकटून बसावं लागतं, दुसऱ्या रात्री पुन्हा दिवा. आणि आपण म्हणतो, किती शांत बसलंय बघा, फोटो काढू देतंय. मावसभावाला मी एवढंच सांगितलं, दोन रात्री दिवा बंद ठेव आणि मांजर आत घे. बिबट्याचं काय, म्हणाला. मग दिव्याला हालचाल टिपणारा सेन्सर बसवून घ्यायचं ठरलं; माणूस नाहीतर बिबट्या आला तरच पेटतो. मावशीचा त्यावर विश्वास नाही. पण पतंग पहिल्या काळोख्या रात्रीच भिंत सोडून गेला होता, त्यामुळे तिचा विरोध जरा मवाळ झाला.

टेकडीवरचं दुखणं काळोखाचं नाही, झाडांचं आहे. हे वाक्य पुण्यात मोठ्यानं म्हणायची सोय नाही, लोक अंगावर येतात. पण पुण्याच्या टेकड्यांवर जिथे तिथे गिरिपुष्प (ग्लिरिसिडिया) हे परदेशी झाड लावलं गेलं, ते भराभर वाढलं, आणि त्याच्या दाट सावलीत आता नुसता पालापाचोळा असतो. खालचं गवत गेलं, गवतातली झुडपं गेली, मुंग्यांची ती वारुळं गेली. पावसाळ्यापूर्वी कुणीतरी गवत पेटवून देतं, ते वेगळंच. सरकारी भाषेत अशा माळांना पडीक जमीन म्हणतात, मग तिचं काहीतरी करायला हवं असं सगळ्यांनाच वाटू लागतं. मोठ्याचा सोस आपल्याला आहेच. महाराष्ट्रानं २०१५ मध्ये राज्यफुलपाखरू निवडलं, देशात असं करणारं ते पहिलं राज्य, आणि मान मिळाला ब्लू मॉर्मनला, आपल्याकडच्या सर्वांत मोठ्या फुलपाखरांपैकी एकाला. देखणं आहे ते, माझी तक्रार नाही. पण ते झाडीतलं आहे. माळाचा वकील कोण?

गेल्या जूनमध्ये आमच्या भागातल्या एका हौशी गटानं टेकडीच्या त्याच उघड्या उतारावर झाडं लावायचा बेत केला. चुन्यानं खुणाही करून झाल्या होत्या. मी रविवारी सकाळी त्यांना गाठलं आणि एवढा तुकडा सोडा म्हटलं. "आहे काय तिथं?" मी फोनवरचा फोटो दाखवला. गटातल्या एका काकांनी तो दोन बोटांनी मोठा केला, चष्मा कपाळावर चढवून बराच वेळ पाहिला. नारिंगी किनार त्यांना आवडली हे दिसत होतं. मग त्यांनी विचारलं, "आणि हे मोठं कधी होतं?"

म्हटलं, काका, होत नाही. पंख फुटले की वाढ संपली. हे पूर्ण वाढलेलं आहे.

त्यावर बरीच चर्चा झाली. एका ताईंचं म्हणणं, झाडं लावली तर पाखरं येतील, मग फुलपाखरंही येतील. मी म्हटलं, येतील, पण ती दुसरी येतील. कुणीतरी म्हणालं, खड्डे खणणारा माणूस सोमवारी येणार आहे, त्याला आगाऊ पैसे दिलेत. शेवटी खड्डे खालच्या बाजूला, जिथे आधीच गिरिपुष्प आहे तिथल्या मोकळ्या जागांत घ्यायचं ठरलं, आणि गिरिपुष्पाऐवजी निदान पळस, बहावा लावा हे माझं दुसरं म्हणणंही निम्मं मान्य झालं. वरचा तुकडा या वर्षापुरता सुटला. काकांनी माझ्याकडून तो फोटो मागून घेतला आणि त्यांच्या सोसायटीच्या ग्रुपवर 'आपल्या टेकडीवरील दुर्मिळ फुलपाखरू' असं लिहून टाकला. दुर्मिळ नाहीये ते, असं मी लिहिणार होते. मग म्हटलं, पुढच्या जूनपर्यंत असू दे.